घरफोडीनंतर तुटलेल्या दाराचा खर्च भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापता येतो का?

ताई, नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या तुमच्या भाड्याच्या फ्लॅटचा कोयंडा तोडून दागिने आणि लॅपटॉप गेले, आणि वर मालक म्हणतात की दाराचा खर्च डिपॉझिटमधून कापणार, लॉक-इन (घर सोडायचं नाही असा करारात ठरलेला काळ) संपण्याआधी घर सोडलंत तर उरलेलं भाडंही घेणार. वाचून फार वाईट वाटलं. सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे अशी भांडणं जवळून पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

दार मालकाचं, सामान तुमचं. चोराने फोडलेलं दार म्हणजे तुम्ही केलेलं नुकसान नव्हे. कुलूप न लावता गेलात असं काही नसेल, तर तो खर्च तुमच्या माथी मारायला आधार नाही. पण दागिन्यांची भरपाईही मालकाकडे सहसा मागता येत नाही. कडी खिळखिळी झाल्याचं तुम्ही आधीच लेखी कळवलं होतं आणि त्यांनी लक्ष दिलं नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आजच शोधून ठेवा.

आता करार काढा. आपल्याकडे ११ महिन्यांचा असतो तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी. कायद्याच्या भाषेत ते कुळाचं भाडं नव्हे, त्यामुळे दुरुस्ती, नोटीस आणि लॉक-इनची कलमं शब्दन् शब्द वाचा. करार नुसता नोटरी केलेला आहे की नोंदणीकृत, हेही पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ११ महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं पाडायचं काम मालकाचं. ही बाब बऱ्याच मालकांना ठाऊकच नसते.

याच कायद्याचं कलम १४ सांगतं की घर राहण्यायोग्य ठेवणं मालकाचं काम, करारात उलट ठरलं नसेल तर. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे कलम कुळासाठी आहे; लायसन्सवाल्याने त्यावर विसंबून परस्पर भाडं कापू नये. आधी लेखी संमती घ्या. मेसेज साधा ठेवा: "चोरीत मुख्य दाराची चौकट आणि कोयंडा तुटला आहे, फोटो सोबत. दार बंद होत नाही. दुरुस्ती करून द्या, किंवा सुताराच्या बिलाची रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करायला संमती द्या." तुटलेला कोयंडा टाकू नका, सुताराचं बिल तारखेसह घ्या. भाडं मात्र थांबवू नका; ते थांबवलं की थकबाकीदार तुम्ही ठरता आणि दाराचा विषय बाजूला पडतो.

लॉक-इनबद्दल खरं सांगायचं तर नुसत्या चोरीमुळे करार आपोआप संपत नाही. आग, पूर अशा आपत्तीत घर कायमचं निकामी झालं तर भाडेपट्टा सोडायची सोय कायद्यात आहे, पण फुटलेलं दार त्यात बसत नाही. मात्र लेखी मागूनही मालकाने दार नीट केलं नाही, तर तुमची बाजू भक्कम होते. अशा वेळी एक महिन्याच्या भाड्यावर तडजोड झालेली मी पाहिली आहे. तेच सुचवेन, कोर्टात जाऊन दोघांचाही वेळ जातो. रागाने कुळाचं पाणी किंवा वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, हेही मालकांना शांतपणे सांगा.

पोलिसांकडचं काम अर्धवट सोडू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे. यादीत राहून गेलेली वस्तू नंतर आठवली तर पुरवणी जबाब द्या. सराफाच्या पावत्या, दागिने घातलेले फोटो आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर जोडा. सोनं पुष्कळदा वितळवून लगड केलेलं सापडतं, तेव्हा वजनाची नोंदच कामी येते. सामानाचा विमा असेल तर कंपनीला आजच कळवा. तपास लागला नाही तर पोलीस 'अ समरी' अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. विमा कंपन्या पुढे तो मागतात.

मालक ऐकतच नसतील तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना करार, एफआयआर आणि मेसेजच्या प्रिंट घेऊन जा.