टेस्ट सर्टिफिकेटवरचा ‘सीई’ आणि ग्राहकाने मागितलेला कार्बन समतुल्य एकच आहे का?

मुंबईतल्या दारूखाना या पोलादाच्या बाजारातून घेतलेल्या प्लेटच्या टेस्ट सर्टिफिकेटवर ‘सीई ०.३९’ (सीई म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट, अर्थात कार्बन समतुल्य) असे छापलेले आहे आणि परदेशी ग्राहक त्याच पोलादाचा दर टनामागचा कार्बन समतुल्य विचारतो आहे, तर हाच आकडा त्याला कळवावा का, असे आपण विचारले आहे. कृपया कळवू नका. हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. मुंबईत फॅब्रिकेशनच्या गुणवत्ता तपासणीत हा गोंधळ माझ्या वारंवार पाहण्यात येतो.

सर्टिफिकेटवरचा आकडा प्लेट वेल्डिंगला कितपत सोसेल हे सांगतो. वेल्डिंगनंतर पोलाद झपाट्याने थंड झाले की कार्बनमुळे जोडाशेजारचा पट्टा कडक व ठिसूळ होतो. मँगनीज, क्रोमियम वगैरे घटकही तेच करतात, पण कमी जोराने. म्हणून कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवतात. ०.१८ टक्के कार्बन आणि १.२ टक्के मँगनीज असले, तर तेवढ्यानेच ०.३८ भरतात. आयएस २०६२ या बांधकामी पोलादाच्या भारतीय मानकातील ई२५० ए प्रतीसाठी कमाल मर्यादा ०.४२ आहे. मात्र मर्यादेतली जाड प्लेटही आपल्या पावसाळ्यात दगा देऊ शकते, कारण दमट इलेक्ट्रोडमधून हायड्रोजन जोडात शिरतो आणि चीर कधीकधी एक-दोन दिवसांनी उघडते. इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये सुकवणे आणि गरज असेल तेथे प्रीहीट करणे, म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवणे, यांत काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

ग्राहकाला हवा असलेला आकडा पोलाद तयार होताना हवेत गेलेल्या वायूंचा आहे. त्यात प्रत्येक वायूचे वजन त्याच्या तापमानवाढीच्या क्षमतेने गुणून कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या पाचव्या अहवालानुसार, १०० वर्षांच्या कालावधीसाठी, मिथेनचा गुणक २८ आहे. पोलादात मुख्य भार खुद्द कार्बन डायऑक्साइडचाच असतो. ब्लास्ट फर्नेसमध्ये कोक वापरून खनिजापासून केलेली प्लेट आणि भंगार वितळवून केलेली प्लेट यांचा सीई तंतोतंत सारखा असू शकतो, उत्सर्जनात मात्र मोठी तफावत असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवताना तयार पोलादाच्या दर टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन ही अट घातली, ती याच मापात.

रासायनिक पृथक्करणावरून हा आकडा काढता येत नाही. व्यापाऱ्याकडून कारखान्याचे नाव व हीट नंबर (पोलाद ज्या घाण्यात वितळवले त्याचा क्रमांक) घ्या, कारखान्याकडे लेखी उत्सर्जन-विवरण मागा आणि त्यात विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन धरले आहे की नाही, हे अवश्य विचारा.