नागपूरहून अमेरिकेला शिकायला जाताना वापरलेला लॅपटॉप आणि मिक्सर सोबत न्यावा की तिथेच घ्यावा?

लॅपटॉप, फोन आणि त्यांचे चार्जर अवश्य सोबत न्या. मिक्सर आणि इस्त्री मात्र तिथेच घ्या. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते, तर अमेरिकेत ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते. सीताबर्डीतील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचायला सांगतो. तिथे ‘इनपुट १००-२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल, तर केवळ पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. आपला ७५० वॉटचा मिक्सर तिथल्या विजेवर जेमतेम फिरतो, भिजवलेली डाळ घातली की अडतो आणि मोटार तापते. त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर न्यायचा म्हटले, तर त्याचेच वजन काही किलो भरते. तिथल्या भारतीय किराणा दुकानांत ११० व्होल्टचे, म्हणजे तिथल्या विजेवर चालणारे, मिक्सर मिळतात. मात्र जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल, तर ती बदलल्याशिवाय तो विमानात नेऊ नका. आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या सामानातच ठेवा, कारण विमानप्रवासाचा तसा नियमच आहे.