नेदरलँड्सला येऊन कोच व्हायचं म्हणतेस, तर

कोल्हापुरात विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलीस, बी.पी.एड. झालंय, आणि आता नावाजलेली फुटबॉल कोच सरिना वीगमनच्या देशात येऊन कोच व्हायचंय, असं लिहिलंयस. मी हेगजवळ राहते, लेक इथल्या क्लबात खेळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी सरिनाचंच बघ. ती हेगचीच. लहानपणी मुलींची टीमच नव्हती, तर केस बारीक कापून पोरांत खेळायची. 1989 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेली, मुलींच्या फुटबॉलचा तिथला थाट बघितला, आणि परत येऊन झाली शाळेत पीटीची बाई! दिवसा शाळा, संध्याकाळी तेर लेडे क्लब, वर देशासाठी शंभरेक सामने. 2003 ला खेळणं थांबवलं, 2006 ला तेर लेडेचीच कोच, पुढच्या वर्षी लीग आणि कप दोन्ही, मग हेगच्या एडीओ डेन हाग क्लबची. राष्ट्रीय संघ पूर्णपणे हातात आला 2017 च्या जानेवारीत. त्याच उन्हाळ्यात एन्स्खेडेला डेन्मार्कला 4-2 हरवून युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकला. 2022 आणि 2025 चे युरो तिने इंग्लंडला जिंकून दिले, ते तुला माहीतच असेल.

पण तीसुद्धा आधी शाळेत नोकरी करूनच खेळली, तेव्हा पोटापाण्याचं वेगळं बघ. कोचिंगच्या जोरावर व्हिसा मिळेल हे डोक्यातून काढ. इथले छोटे क्लब स्वयंसेवकांवर चालतात. आईबापच पाळीपाळीने कॅन्टीन सांभाळतात, टीमचे कपडे धुतात. मानधन मिळालंच तर सायकलच्या पंक्चरीपुरतं.

सरळ वाट शिक्षणाची. फी मात्र युरोपियन मुलांपेक्षा बरीच जास्त. शिकताना आठवड्याला 16 तास, किंवा जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ काम करता येतं, पण परवाना मालकाने काढायचा असतो. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष मिळतं. खोली मिळणं महाकठीण, त्यामुळे तिकिटाआधी खोली बघ, आणि त्या पत्त्यावर पालिकेत नोंदणी होईल का ते घरमालकाला स्पष्ट विचार. 'होईल बघू' म्हणाला तर दुसरी शोध.

डच आत्तापासून शिक. ऑफिसात इंग्रजीवर निभावतं, मैदानावर नाही. मंगळवारी भर पावसात दहा-अकरा वर्षांच्या पोरींचा सराव चालू असतो; बॉल पायात यायच्या आत कोच ओरडून जागा सांगते, आणि त्या अर्ध्या सेकंदात कोण भाषांतर करत बसणार? झाइस्टला असलेल्या डच फुटबॉल संघटनेचे कोचिंग कोर्सही मुख्यतः डचमध्येच.

निघण्याआधी भारतातलं कोचिंगचं डी लायसन्स कर, जमलं तर त्यावरचं एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) सी सुद्धा. युरोपात ते आपोआप चालत नाही, पण अनुभव दाखवायला कामी येतं. लहान मुलांबरोबर काम म्हणजे चारित्र्याचा दाखला बहुतेक क्लब मागतातच. त्यांना ईमेल एप्रिल-मेमध्ये टाक, पुढच्या हंगामाच्या टीम त्याच सुमारास ठरतात. मुलींच्या टीमला कोच कमीच पडतात, आमच्याकडेही.