दुबईत राहून पुण्यातल्या व्हर्च्युअल ऑफिसच्या (म्हणजे रोज न बसता फक्त पत्ता भाड्याने घेतलेल्या ऑफिसच्या) पत्त्यावर प्रायव्हेट लिमिटेड चालवता येते का?

हो, चालवता येते, पण किमान एक डायरेक्टर असा लागतोच जो त्या आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलाय, बहुतेक जण भावाला नाहीतर वडिलांना घेतात, तर त्यांना आधीच नीट सांगा की नाव नुसतं कागदावर नसतं, जबाबदारी पण येते. मी कंपन्यांच्या फायलिंगचंच काम करतो. पत्त्याबद्दल कंपनी कायदा 2013 चं कलम 12 बघा, त्या पत्त्यावर आलेली पत्रं-नोटिसा घेऊन पोच देता आली पाहिजे आणि बाहेर कंपनीच्या नावाची पाटी पाहिजे, ती पण स्थानिक लिपीत, म्हणजे पुण्यात नुसती इंग्रजी चालत नाही, मराठीत हवीच. ऑफिस देणाऱ्याकडून एवढं घ्या:

- भाडेकरार आणि जागामालकाची एनओसी
- लाईट बिल, दोन महिन्यांपेक्षा जुनं नको
- पाटीचा फोटो

फक्त एकदम स्वस्तातलं पॅकेज बघून घेऊ नका, कारण रजिस्ट्रार (कंपन्यांची नोंद ठेवणारा सरकारी अधिकारी) प्रत्यक्ष जागा तपासायला माणूस पाठवू शकतो, जीएसटीवाले पण येतात, आणि तिथे पाटी नाही, कागद दाखवायला कोणी नाही असं निघालं तर कंपनीचं नाव रजिस्टरवरून काढायची कारवाई सुरू होऊ शकते.