घरात सगळं ऐकते, टेकडीवर मात्र काहीच नाही: अकरा महिन्यांच्या लॅबसाठी (लॅब्राडॉर कुत्रीसाठी)

तुमची अडचण अशी दिसते: लॅब अकरा महिन्यांची, घरात ‘बस’, ‘थांब’ व्यवस्थित करते, पण रविवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर सहा-सात कुत्र्यांच्या घोळक्यात गेली की पट्टा ओढते, भुंकते, चिकनचा तुकडा नाकापुढे धरला तरी घेत नाही. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची आहे. लॅबने खाऊ नाकारला म्हणजे ती हट्ट करत नाहीये, ती इतर कुत्र्यांच्या फार जवळ आहे. त्या अवस्थेत तिला काही शिकवता येत नाही, फक्त मागे हटता येतं. वयही तसंच आहे. साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत बरीच कुत्री येणारी गोष्टही विसरल्यासारखी वागतात.

म्हणून आधी अंतर शोधा. दुसरं कुत्रं दिसत असताना ती कुठून खाऊ घेते आणि नावाला वळून बघते? पहिल्यांदा एका क्रिकेट पिचएवढं, म्हणजे २० मीटर अंतर धरा. तिथेही तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे आणि शरीर ताठ असेल तर आणखी मागे जा. सध्या तुमचं काम त्या रेषेबाहेर चालणार आहे. इतरांबरोबर चालता यावं म्हणून घाईने पुढे गेलात तर दर रविवारी तिचा भुंकण्याचाच सराव होईल.

दरम्यान घरी पाया घाला. एक छोटा शब्द ठरवा, ‘येस’ किंवा ‘छान’, आणि तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. नाव एकदा घ्या, डोकं तुमच्याकडे वळलं की त्याच क्षणी शब्द, मग खाऊ. दहा-दहाच्या तीन फेऱ्या रोज, प्रत्येक फेरी दोन-तीन मिनिटांची. आधी हॉलमध्ये, मग जिन्यात, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या फाटकापाशी. दहापैकी आठ वेळा लगेच वळली की पुढची जागा, पाचच वेळा वळली तर एक जागा मागे. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, शब्दाच्या आधीच हात खाऊच्या पाऊचमध्ये जातो. मग कुत्रं हाताकडे बघायला शिकतं, तुमच्याकडे नाही. दुसरी, ‘ब्राउनी, ब्राउनी, ब्राउनी’. पाच वेळा पुकारलेलं नाव हॉर्नसारखं होतं, त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

खाऊचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे करा. उकडलेलं चिकन (मीठ-मसाला नको) किंवा पनीर चालेल. एका फेरफटक्याला ६०-७० तुकडे लागतात, तेवढं सकाळच्या जेवणातून कमी करा. लॅब लवकर सुटतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा असलेलं काहीही देऊ नका. तुकडा पँटच्या शिवणीपाशी, तुमच्या मांडीला लागून द्या. समोर हात लांब करून दिलात तर ती दर वेळी पुढे येऊन तुमच्या वाटेत आडवी येईल.

पट्टा साधा, दीड ते दोन मीटरचा घ्या. आपोआप लांब होणारा पट्टा नको, कारण त्यात ताण सतत असतो आणि ओढलं की जागा वाढते, म्हणजे ओढण्याचं बक्षीस तुम्हीच देता. हार्नेस छातीवर ‘वाय’ आकाराचा, पुढे कडी असलेला. पट्टीखाली दोन बोटं जावीत आणि काखेत घासू नये. चोक (ओढल्यावर गळ्याभोवती आवळणारी) किंवा काटेरी कॉलर तर मुळीच नको. दुसरं कुत्रं दिसलं की मान दुखते हे एकदा जुळलं की कुतूहलाचं भुंकणं भीतीचं होतं, आणि ते सोडवायला महिने जातात.

आता गट. सहा-सात नकोत, एकच शांत, वयाने मोठं कुत्रं आणि त्याचा समजूतदार मालक शोधा. दोघांनी एकाच दिशेने, समांतर चालायचं, माणसं मध्ये आणि कुत्री बाहेरच्या बाजूला. सुरुवातीला मघाशी सापडलेलं अंतर. ती दुसऱ्या कुत्र्याकडे बघते, भुंकायच्या आत ‘येस’, ती वळते, खाऊ. हे पुरेशा वेळा झालं की बघून झाल्यावर ती स्वतःच तुमच्याकडे वळू लागेल. त्या क्षणाची वाट बघा, तिला ओढून वळवू नका. आपोआप वळायला लागली की अंतर दोन-दोन मीटरने कमी करा. पंधरा मिनिटांनी थांबा, चांगलं चाललेलं असताना.

समोरासमोर येणं हा सगळ्यात वाईट प्रकार. टेकडीची अरुंद पायवाट असेल तर एकाने बाजूला उतरून कमानीसारखा वळसा घ्यावा. पट्टा ताणला की कुत्र्याची छाती वर उचलली जाते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. भेटवायचंच असेल तर दोन्ही पट्टे सैल ठेवून तीन सेकंद हुंगू द्या आणि आपापल्या दिशेने निघा. खरं तर गटफेरीत भेटीगाठी जितक्या कमी तितकं बरं. नाहीतर प्रत्येक कुत्रं दिसलं की भेटायचंच, असं तिच्या डोक्यात बसतं. मध्ये मध्ये पाच मिनिटं गवतात मनसोक्त हुंगू द्या, त्याने ती खरोखर शांत होते. मात्र जमिनीवर खाऊ विखरायचा तो एकटी असताना. चार-पाच मीटरमध्ये दुसरं कुत्रं असेल तर तिथे भांडण ठरलेलं.

बहुतेक भांडणं चालताना होत नाहीत, टेकडी उतरल्यावर चहा-पोह्यांच्या टपरीपाशी होतात. माणसं गप्पा मारत उभी राहतात, पट्टे गुंततात, कुणाच्या बशीतून पोहे सांडतात. पहिले दोन महिने तिथे थांबू नका. नंतर तीन मीटर दूर, चटईवर बसवून.

रस्त्यावरची कुत्री त्यांच्या गल्लीत मागे येतात आणि हद्द संपली की सहसा थांबतात. पळू नका, तिला उचलू नका. वळसा घ्या, पट्टा सैल ठेवा, चालत राहा. कुणी त्यांना जिथे रोज खायला घालतं ती जागा त्या वेळी टाळा.

पट्टा टेकडीवर सोडू नका, मोर दिसला की घरचं सगळं शिक्षण विसरतं. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत परत या. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर तिचे पंजेही भाजतील. पावसाळ्यात घरी आल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. ती हीटवर (माजावर) असेल तर सुमारे तीन आठवडे गटात नेऊ नका.

येत्या रविवारी घोळका सोडा, त्या एकाच कुत्र्याबरोबर चाला. नंतर अंतर किती होतं, किती मिनिटं चाललात आणि तिने खाऊ घेतला का हे लिहा, म्हणजे पुढच्या फेरीचं अंतर ठरवता येईल.