सर म्हणाले, ‘दहावीचे मार्क काय कामाचे?’

अगं, इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासमध्ये सरांनी तुझे दहावीचे ९४ टक्के सगळ्यांसमोर हसण्यावारी नेले, एवढंच ना? मी अकरावीची मुलं शिकवते. हे वाक्य दर जुलैत कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतंच.

त्यातलं खरं तेवढं घे. सीबीएसईला दहावीत लेखी परीक्षा ८० ची, उरलेले २० शाळेच्या हातात. त्यामुळे टक्के थोडे फुगतात. आणि अकरावीचं फिजिक्स खरंच अंगावर येतं. डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) गणितात वर्षाच्या शेवटाकडे शिकवतात, फिजिक्सला मात्र सरळ रेषेतल्या गतीपासूनच लागतं. म्हणून आत्ताच आलेखाचा चढ आणि x चा वर्ग, घन यांचे डेरिव्हेटिव्ह शिकून घे. बाकीचं कॅल्क्युलस राहू दे.

पण शाळेचे मार्क बिनकामाचे, हे साफ खोटं. जेईई ॲडव्हान्स्ड पास झालीस तरी आयआयटीच्या प्रवेशाला खुल्या गटात बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतंच. (मार्कांना किंमत नसेल तर निकालाच्या दिवशी टक्क्यांसकट फोटोंची होर्डिंग कशाला लावतात हे क्लासवाले?)

वर्गात उलट बोलू नकोस. तास संपल्यावर टेस्टचा पेपर घेऊन जा आणि विचार, “सर, नेमकी कोणती पायरी चुकली?” बोट ठेवून दाखवलं तर माणूस तिरकस असला तरी कामाचा. पुन्हा टोमणाच मारला, तर शंका दुसऱ्या सरांना विचार. आईला लगेच भांडायला पाठवू नकोस; बोलणं मार्कांवरून तुझ्यावर, घरच्यांवर घसरलं, तर मात्र त्याच दिवशी घरी सांग.