भाडोत्री सैनिकांच्या कादंबऱ्या : वाचक विचारतात

प्रश्न : फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ नुकतीच वाचली. हल्ला शेवटच्या थोड्या पानांत उरकतो. बाकी पुस्तकभर बँका, जहाज, परवाने आणि खरेदी चालू असते. एवढा भराव कशासाठी? (नाशिक)

तो भराव नाही, खरी कादंबरी तिथेच आहे. 1974 साली आलेल्या या पुस्तकात एका काल्पनिक आफ्रिकी देशातल्या प्लॅटिनमच्या डोंगरासाठी सरकार उलथवायचं असतं. बंदूक चालवणारी माणसं पैसे टाकले की मिळतात. बंदूक मात्र एका देशातून उघडपणे विकत घेऊन दुसऱ्या देशात उतरवायची, तर कागद लागतो. त्या कागदाचं नाव एंड यूजर सर्टिफिकेट. माल कोणता, किती नग, कोणाच्या वापरासाठी आणि तो तिसऱ्याला देणार नाही, हे खरेदी करणाऱ्या सरकारने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. हे प्रमाणपत्र नसेल तर निर्यातीचा परवाना नाही, आणि परवाना नसेल तर बंदरात पेटी चढत नाही. म्हणून या प्रकारच्या कथानकात तीन माणसं हमखास लागतात : सही विकणारा, सही खरी आहे का हे न तपासणारा आणि माल भलतीकडे वळवणारा. तिघांपैकी एक जरी कचरला तरी सगळा बेत फसतो. वाचकाचा जीव टांगणीला लागतो तो इथे.

याचं खरं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री एका अंतोनोव्ह-26 विमानाने पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात पॅराशूटने पेट्या टाकल्या. त्यांत शेकडो एके रायफली आणि लाखो काडतुसं होती. माल बल्गेरियातून घेतलेला, पण कागदावर खरेदीदार होता बांगलादेश. पेट्या नेमक्या जागी न पडता आसपासच्या गावांच्या शिवारात विखुरल्या आणि सकाळी गावकऱ्यांच्या हाती लागल्या. रात्री, खाली खुणेचे दिवे नीट नसताना, चालत्या विमानातून टाकलेली पेटी वाऱ्याने आणि काही सेकंदांच्या उशिराने कितीतरी लांब जाते. चारच दिवसांनी तेच विमान थायलंडहून परतताना पुन्हा भारताच्या हद्दीतून निघालं. हवाई दलाने ते मुंबईत उतरायला लावलं. ब्रिटिश शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच आणि पाच वैमानिक-कर्मचारी पकडले गेले. सूत्रधार किम डेव्ही मात्र विमानतळावरूनच निसटला. 2000 साली सहाही जणांना जन्मठेप झाली. विमानाचे कर्मचारी त्याच वर्षी सुटले, ब्लीच 2004 मध्ये. एक खोटं प्रमाणपत्र, एक जुनं विमान आणि मुंबईच्या धावपट्टीवरून नाहीसा झालेला एक माणूस, एवढ्या ऐवजावर मराठीत दमदार कादंबरी उभी राहावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी कादंबरी लिहितो आहे. चाळीस भाडोत्री सैनिक हिंदी महासागरातल्या एका बेटावरचं सरकार ताब्यात घेतात, अशी कल्पना आहे. खरं वाटावं म्हणून काय सांभाळू? (मिरज)

आधी सेशेल्सचं प्रकरण बारकाईने वाचा, कारण तुमची कल्पना तिथे घडून गेली आहे. 25 नोव्हेंबर 1981 रोजी काँगोच्या लढायांत नाव झालेला माइक होअर चाळीसहून जास्त माणसं घेऊन सेशेल्समधल्या माहे बेटाच्या विमानतळावर उतरला. सगळे साध्या प्रवासी विमानाने, बीअर पिणाऱ्या मंडळाचे सुट्टीवर निघालेले सभासद म्हणून आले होते. बॅगांना खोटे तळ होते आणि त्याखाली रायफली. वर गरीब मुलांना वाटायची म्हणून खेळणी भरलेली.

लिहिताना आकडे हाताशी ठेवा. साधी एके-47 सुमारे 87 सेंटिमीटर लांब असते. दस्ता दुमडणारी असेल तर 65 च्या आसपास. वजन चार किलोच्या घरात, आणि तीस गोळ्यांचं भरलेलं प्रत्येक मॅगझिन आणखी पाऊण किलोहून जास्त. रायफल आणि चार मॅगझिनं धरली तर सात किलोंच्या वर गेलात. वर कापसाची अस्वलं दिसताहेत आणि बॅग उचलताना हात खाली ओढला जातोय, हे कस्टमच्या माणसाला डोळ्यांआधी मनगटाला कळतं. तुमच्या कादंबरीतला सगळ्यात थरारक प्रसंग या टेबलापाशी घडू शकतो, गोळीबारात नव्हे.

माहेला तसंच झालं. जवळजवळ सगळे बाहेर पडले होते. एकाची बॅग उघडली गेली, रायफल दिसली आणि विमानतळावरच चकमक सुरू झाली. बेत फसल्यावर परतायचं कसं, याची तयारी नव्हती. नेमकं तेव्हा सॅलिसबरीहून, म्हणजे आजच्या हरारेहून, मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग 707 तिथे उतरलं. होअरच्या लोकांनी ते पळवून डर्बनला नेलं आणि तिथे अटक झाली. दक्षिण आफ्रिकेत होअरला दहा वर्षांची शिक्षा झाली, तीही विमान पळवल्याबद्दल. आमचा सल्ला असा की, कथा सैनिकांच्या तोंडून सांगण्याऐवजी त्या विमानात बसलेल्या, मुंबईला घरी निघालेल्या प्रवाशाच्या नजरेतून सांगून पाहा.

दुसरं, धावपट्टी. 3 नोव्हेंबर 1988 रोजी मालदीवमध्ये अब्दुल्ला लुथुफी या व्यापाऱ्याने श्रीलंकेतल्या तमिळ गटाचे सुमारे 80 बंदूकधारी आणले. त्यांनी राजधानी माले बरीचशी घेतली, पण राष्ट्राध्यक्ष गयूम हाती लागले नाहीत आणि शेजारच्या हुलहुले बेटावरचा विमानतळ मोकळा राहिला. त्याच रात्री आग्र्याहून निघालेली भारताची आयएल-76 विमानं पॅराट्रूपर घेऊन तिथेच उतरली. ओलीस घेऊन जहाजातून पळालेल्यांना नौदलाने समुद्रात गाठलं. तेव्हा तुमच्या चाळीस जणांची वाटणी आधी कागदावर करा. राष्ट्राध्यक्षांचा वाडा, रेडिओ, टेलिफोन, छावणी आणि विमानतळ अशा पाच जागा धरल्या तर प्रत्येकी आठच माणसं येतात. त्यांना झोपही लागते. दुसऱ्या रात्री पहारा कोण देणार, याचं उत्तर तुमच्या कथेत असायला हवं.

तिसरं, तोंडं. 2004 चा, इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशातलं सरकार उलथवायचा कट तेलासाठी होता. 7 मार्चला बोइंग 727 हरारेत थांबलं, कटाचा म्होरक्या सायमन मान तिथे विकत घेतलेली शस्त्रं चढवायला आला होता आणि झिम्बाब्वेच्या अधिकाऱ्यांनी सुमारे 70 जणांना धरलं. पुढे गेलेली तुकडी गिनीच्या त्या राजधानीत, मलाबोत, पकडली गेली. पैसे लावणारे, वैमानिक, दलाल, भरती करणारे, प्रत्येकाला थोडंथोडं ठाऊक असतं. अशी गोष्ट गुप्त राहत नाही. म्हणून फितुरीसाठी कादंबरीत वेगळा खलनायक घडवावा लागत नाही.

प्रश्न : ब्रिटिश सैन्यातले गुरखे किंवा फ्रान्सच्या परदेशी पलटणीतले सैनिक भाडोत्री म्हणायचे का? (बेळगाव)

नाही. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या जादा प्रोटोकॉलमधलं कलम 47 सहा अटी घालतं आणि त्या सगळ्या एकदम लागू व्हाव्या लागतात. लढण्यासाठीच भरती, लढाईत प्रत्यक्ष भाग, बरोबरीच्या सैनिकापेक्षा खूप जास्त मोबदल्याची लालूच, लढणाऱ्या देशांचा नागरिक किंवा रहिवासी नसणं, त्यांच्या सैन्यात नसणं आणि तिसऱ्या देशाने सरकारी कामावर पाठवलेला नसणं. गुरखे रीतसर सैन्यात आहेत, तिथेच प्रश्न मिटतो. भाडोत्री ठरलेल्याला युद्धकैद्याचा हक्क मिळत नाही. 1976 साली अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात, चाललेल्या खटल्यात चौघा भाडोत्री सैनिकांना मृत्युदंड झाला, तो प्रोटोकॉलच्या आदल्या वर्षीच.

प्रश्न : मृत मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढायची युक्ती आजच्या हेरकथेत चालेल का? (पुणे)

काळ 1970 च्या आसपासचा असेल तर जरूर वापरा. फोर्सिथ यांच्याच ‘द डे ऑफ द जॅकल’मध्ये 1971 साली ती आली, तेव्हा ब्रिटनमध्ये जन्म आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी ताडल्या जात नव्हत्या. आज बोटांचे ठसे, चेहरा आणि पासपोर्टमधली चिप आडवी येते. जानेवारी 2010 मध्ये दुबईच्या हॉटेलात हमासच्या महमूद अल-मबहूह याचा खून झाला. मारेकऱ्यांकडे ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रेलिया यांचे पासपोर्ट होते. विमानतळावर ते चाललेही. पण दुबई पोलिसांनी ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांची चित्रं जोडत नेली. टेनिसचे कपडे घालून, रॅकेट हातात घेऊन लिफ्टमधून त्याच्यामागे निघालेले दोघे जगाने पाहिले. आजच्या हेराला सीमा ओलांडणं एक वेळ जमेल, पण नंतरच्या आठवड्यात आपला चेहरा लपवणं फार कठीण आहे. कथानक तिथून पुढे न्या.

एक शब्दही जपा. मराठी हेरकथांत सरसकट सगळ्यांना ‘एजंट’ म्हणतात. गुप्तचर संस्थेचा पगारी माणूस तो अधिकारी, बहुधा वकिलातीत साध्या हुद्द्यावर बसलेला. त्याने फितवलेला तिथला कारकून, वैमानिक किंवा शास्त्रज्ञ तो एजंट, म्हणजे हस्तक. पकडलं गेल्यावर राजनैतिक संरक्षण असलेला अधिकारी देशाबाहेर हाकलला जातो, हस्तक मात्र तुरुंगात जातो.